चढणारी शाळा : खांब, कडा आणि भिंत

आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि शाळेतल्या क्लायंबिंगचा काय संबंध? संबंध जुना आहे. प्लेटोची अकादमी हे मुळात अथेन्सच्या वेशीबाहेरचं व्यायामाचं मैदान होतं आणि प्लेटो स्वतः कुस्ती खेळणारा होता असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात. विचार करणारी शाळा आणि घाम गाळणारी शाळा या दोन वेगळ्या इमारती कधी झाल्या, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आपण त्याचा एक छोटा तुकडा बघणार आहोत : महाराष्ट्रातल्या शाळांनी मुलांना चढायला कसं शिकवलं, आणि बहुतेक वेळा का शिकवलं नाही.

हिवरे बाजारात उभं राहून हे बोलायला एक कारण आहे. हे गाव नगर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं, वर्षाला सरासरी चारेकशे मिलिमीटर पावसाचं. चारी बाजूंनी टेकड्या. पण या टेकड्यांवर चढाईची स्पर्धा घ्यावी असे सरळसोट कडे नाहीत. कडे बघायचे तर याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात जायचं. तिथं 1,646 मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथंच हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा : अंतर्गोल, मधोमध आत ओढलेला, नागाच्या फण्यासारखा पुढे आलेला. एकाच जिल्ह्यात एका टोकाला हा कडा आणि दुसऱ्या टोकाला ही टेकडी. आमच्या मते चढण्याचा सगळा इतिहास या दोहोंच्या मधे बसतो. टेकडीकडे आपण पुन्हा येऊ.

आधी एक घोरपड बाजूला करू या. तुमच्यापैकी प्रत्येकाने चौथीच्या वर्गात ऐकलेलं असणार : 4 फेब्रुवारी 1670, तानाजी मालुसरे, सिंहगड, यशवंती घोरपड, तिच्या कमरेला दोर. गोष्ट पोवाड्यातून आली आणि ती सुंदर आहे. पण सभासदाच्या बखरीत, जी शिवकाळाच्या बरीच जवळची, घोरपड नाही. तिथं कडा चढून जाणारे मावळे आहेत. म्हणजे माणसं चढली. रात्री, सह्याद्रीच्या कातळावर, शत्रूच्या पहाऱ्याखाली. आता गंमत बघा : शंभर-सव्वाशे वर्षं आपण वर्गात मुलांना चढण्याचं श्रेय घोरपडीला देऊन टाकलं. माणूस असा कडा चढू शकतो, त्याचं एक तंत्र असतं, ते शिकवता येतं, हा विचारच त्या गोष्टीने झाकून टाकला. हिरकणीचंही तसंच. रायगडाच्या कड्यावरून रात्री उतरणारी बाई आपण मातृप्रेमाच्या धड्यात घातली. प्रेम होतंच, पण पाय कुठे ठेवायचा हे तिला ठाऊक होतं, त्याचं काय? तिच्या पायांच्या ज्ञानाबद्दल धड्याखाली एकही प्रश्न विचारलेला आम्हाला आठवत नाही.

शाळेबाहेर मात्र मुलं चढतच होती. सूरपारंब्या खेळलेले हात वर करा. झाडाखाली वर्तुळ, पायाखालून भिरकावलेली काठी, ज्याच्यावर राज्य तो काठी आणायला पळतो आणि तेवढ्यात बाकीचे सरसर झाडावर. या खेळात फांदीचा अंदाज, पकड, वजन कुठल्या पायावर टाकायचं हे सगळं येतं, आणि ते मोठ्या पोरांकडून धाकट्यांकडे जातं. मास्तर लागत नाही. विहिरीत उतरणं, चिंचेवर चढणं, बोरीच्या काट्यातून हात काढणं, हाही एक अभ्यासक्रमच. त्याची नोंद कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर नाही.

या चढण्याला शास्त्र करण्याचं काम महाराष्ट्रात झालं ते मल्लखांबाने. मल्लांच्या खांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात, म्हणजे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ग्रंथात, सापडतो. पण आज आपण ओळखतो त्या मल्लखांबाचं नाव जोडलं जातं ते बाळंभटदादा देवधरांशी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळाशी. निजामाकडून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्याच्या दरबारात आले, आव्हान दिलं, तरुण बाळंभटांनी ते स्वीकारलं आणि मुदत मागून ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथं झाडांवर खेळणारी माकडं बघून त्यांना पकडी सुचल्या, अशी कथा आहे. साक्षात मारुतीने शिकवलं असंही सांगतात. कथेतला चमत्कार सोडला तरी एक गोष्ट उरते, आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते : घोरपडीच्या कथेत प्राणी माणसाच्या ऐवजी चढतो, इथे माणूस प्राण्याकडे बघून शिकतो. शिक्षणाचा जन्म दुसऱ्या कथेत होतो.

मल्लखांब म्हणजे सागाचा किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब, जमिनीच्या वर साधारण साडेआठ फूट, वर निमुळता होत गेलेला. त्याला बोंड, मान, अंग असे भाग, जणू समोर पहिलवानच उभा आहे. त्याला एरंडेल लावतात. कुणाला वाटेल, निसरडं करायला तेल? तसं नाही. थोडं एरंडेल घर्षण कमी करून कातडी वाचवतं आणि तरीही चिकटपणाने पकड देतं. कमी झालं तर साल निघते, जास्त झालं तर पोरगं खाली येतं. हे प्रमाण पुस्तकात लिहून कळत नाही, उस्तादाच्या बोटांना कळतं. मग सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, उड्या. ‘अढी’ हा शब्द आपण आता फक्त मनात ठेवतो. मूळची अढी पायांची आहे, खांबाला घट्ट घातलेली. दुसरा प्रकार वेताचा, आणि चांगला लांब वेत मिळेनासा झाल्यावर सुताच्या दोराचा. दोरावर मुलींनी जे काम केलं आहे ते बघितलं की शब्द थांबतात.

पेशवाई 1818 मध्ये गेली. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, खांबही उत्तरेला गेला, काशीला आखाडे झाले. पुढे अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्याच मंडळाचं पथक 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि त्यांनी तिथं भारतीय खेळ करून दाखवले. दादरला 1925 पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे. पण तुमच्या लक्षात आलं का, ही सगळी मंडळं, मंदिरं, आखाडे आहेत. शाळा नाहीत. शाळेत पोचायला खांबाला फार वेळ लागला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपदही सांभाळलं. 1938 साली कांदिवलीला व्यायामशिक्षकांच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था निघाली. वेळापत्रकात पीटीचा तास आला. आला, आणि गणिताच्या सरांनी घेतला! तुम्ही हसताय, कारण हे तुमच्याही शाळेत झालंय. दहावी जवळ आली की पहिला बळी मैदानाचा.

आता कड्याकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई-पुण्यात गिर्यारोहण संस्था उभ्या राहिल्या : गिरिविहार 1954 ची, गिरिप्रेमी 1982 ची. सह्याद्रीचा बेसॉल्ट हा विचित्र गुरू आहे. लाव्हाचे थरावर थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यामुळे उभ्या कड्यात मधे आडव्या कंगण्या, कंगणीवर गवत, गवताखाली सुटा दगड, आणि कुठे तरी आग्या मोहोळ. युरोपातल्या चुनखडीच्या कड्यासारखा तो भरवशाचा नाही. इथं हात घालायचा तर आधी ठोकून आवाज ऐकायचा : भरीव की पोकळ. ही माणसं बँकेत, गिरणीत, कॉलेजात काम करणारी, शनिवारी रात्रीच्या एसटीने निघणारी. त्यांनी फार मोठं काम केलं. पण तीही शाळा नव्हती. चढणं हा पुन्हा एकदा शाळा सुटल्यानंतरचा उद्योग राहिला, आणि खर्चाचा.

भिंतीची गोष्ट वेगळी. 1964 साली इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या माणसाने एका बोळाच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. पावसाळी हवेत मुलांनी सराव कुठे करायचा, एवढाच साधा प्रश्न होता. आज जगभर जी क्लायंबिंग वॉल दिसते, प्लायवूड आणि त्यावर स्क्रूने बसवलेले रंगीत होल्ड, तिचं बरंचसं मूळ त्या बोळात आहे. म्हणजे बघा, भिंत जन्मली तीच शिक्षणसंस्थेच्या आवारात! 1975 च्या सुमाराला जर्मनीत कुर्ट अल्बर्टने आणखी एक टोक गाठलं. दोर फक्त पडलो तर वाचवायला, वर ओढून घ्यायला नाही, असा नियम त्याने स्वतःला घातला, आणि जी वाट अशी पूर्ण झाली तिच्या पायथ्याशी तो तांबडा ठिपका काढायचा. 1985 मध्ये इटलीत बार्दोनेक्किया इथे मोठी स्पर्धा झाली, मग विश्वचषक, आणि शेवटी टोकियो ऑलिंपिक, जे 2021 च्या ऑगस्टमध्ये झालं. पॅरिसला 2024 मध्ये स्पीडचं पदक वेगळं दिलं गेलं. पंधरा मीटरची भिंत, जगात सगळीकडे होल्ड त्याच जागी, आणि पुरुष खेळाडू पाच सेकंदांच्या आत वर. आपल्याकडेही 2016 च्या मे महिन्यात नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरला होता, गिरिविहारच्या लोकांनी भरवलेला. भर उन्हाळ्यात. बाहेरून आलेल्या खेळाडूंच्या बोटांना सुटलेल्या घामाची कल्पना करा.

आता या सगळ्यात शाळा कुठे? महाराष्ट्रात शाळेच्या मुलांनी चढण्याची सर्वांत गाजलेली घटना 2018 ची आहे, आणि ती शहरातली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांमधून दहा मुलं-मुली निवडली गेली. उपक्रमाचं नाव ‘मिशन शौर्य’, आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांचा. ऑगस्ट 2017 मध्ये प्रशिक्षण सुरू झालं : वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख. आणि 16 मे 2018 रोजी त्यांच्यातले पाच जण एव्हरेस्टवर पोचले : मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडवी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या जिल्ह्यातली मुलं, 8,848 मीटरवर, नऊ-दहा महिन्यांच्या तयारीनं. त्याच्या चार वर्षं आधी, 25 मे 2014 रोजी, शेजारच्या तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळेची मालावत पूर्णा तेराव्या वर्षी तिथं पोचली होती. तिचा सराव भोंगीरच्या खडकावर झाला. चंद्रपूरच्या कल्पनेमागे ते उदाहरण होतं हे उघड आहे.

या घटनेकडे कसं बघायचं? आम्ही दोन्ही बाजूंचं ऐकलं आहे. एक बाजू म्हणते, ज्या मुलांना ‘मागास’ हा शिक्का जन्मासोबत मिळतो त्यांनी जगाच्या माथ्यावर पाय ठेवला, यापुढे काय बोलायचं. दुसरी म्हणते, आश्रमशाळेतल्या गळक्या छपरांचं काय? दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही बाजू एकमेकींना उत्तर देत नाहीत. आमचा प्रश्न तिसराच आहे. त्या दहा जणांच्या वर्गात उरलेल्या मुलांच्या हाताला काय लागलं? निवड झाली, निवडलेली मुलं शाळेतून बाहेर नेली गेली, दूर शिकवली गेली, आणि मोठी होऊन परत आली. यात त्यांचं शौर्य काकणभरही कमी होत नाही. पण यात शाळेला चढणं आलं का? शिखर ही एका सकाळची घटना असते. शाळा ही रोज साडेदहाला भरते.

आम्हाला विचाराल तर क्लायंबिंगचं शाळेतलं मोल शिखरात नाहीच. ते दोराच्या खालच्या टोकाला आहे. भिंतीवर एक मूल चढतं तेव्हा खाली दुसरं मूल दोर धरून उभं असतं. गिर्यारोहक त्याला बिले देणं म्हणतात. वरचा सुटला तर खालच्याने त्याला झेलायचं. त्यासाठी खालच्याने मान वर करून सतत बघत राहावं लागतं. ढिलाई किती, ताण किती, हे वरच्याच्या हालचालीवरून ओळखायचं. चढण्याआधी दोघे एकमेकांची गाठ तपासतात. आपल्या सगळ्या शालेय व्यवस्थेत असा दुसरा तास दाखवा, जिथे शेजारच्या बाकावरच्या मुलाचं यश बघून पोटात दुखण्याऐवजी त्याचं वजन अक्षरशः आपल्या कमरेवर येतं. गुणपत्रिकेत बिले देणाऱ्याचा रकाना नाही. स्पर्धेत तर पदक वरच्यालाच मिळतं.

आणि दुसरी गोष्ट पडण्याची. अ‍ॅरिस्टॉटलने धैर्य हे भ्याडपणा आणि आततायीपणा यांच्या मधे ठेवलं, हे आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. मुलं उत्तर लिहायची, गुण मिळवायची. पण तो ‘मध्य’ कुठे असतो हे भिंतीवरच्या मुलाला हातात कळतं. पुढचा होल्ड लांब आहे, उडी घेतली तर पडू, नाही घेतली तर हात भरून येऊन तसेही पडू. मग ते पडतं, दोर ताणतो, ते हसतं, पुन्हा सुरू करतं. एकाच वाटेवर वीस वेळा पडणं यात काही कमीपणा मानत नाहीत.

इथे आम्हाला या जिल्ह्यातली दुसरी एक शाळा आठवते, पारनेर तालुक्यातली, राळेगणसिद्धीची. गावाच्या माध्यमिक शाळेला मान्यता मिळेना म्हणून अण्णा हजारे यांनी उपोषण केलं, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. पण त्या शाळेची खरी नवलाई पुढे आहे. इतरत्र नापास होऊन बाहेर पडलेली मुलं तिथं मुद्दाम घेतली जाऊ लागली. जिकडे तिकडे शाळा टक्केवारी बघून दार उघडतात, आणि इथे पडलेल्याला आधी आत घ्यायचं! तिथं क्लायंबिंगची भिंत नव्हती. पण पडणं हा शेवट नाही, हे संस्थेच्या नियमातच लिहिणारी शाळा म्हणून आम्ही तिला या इतिहासात धरतो. कुणी आक्षेप घेतला तर घेऊ द्या.

आणि आता ही समोरची टेकडी. 1972 च्या दुष्काळानंतरचं हिवरे बाजार कसं होतं, हे इथल्या म्हाताऱ्यांनी आम्हाला शिकवायचं, आम्ही त्यांना नाही. झाडं तुटली, माती वाहून गेली, माणसं मजुरीला बाहेर पडली, दारूची बावीस दुकानं उरली. कुस्तीची परंपरा असलेलं गाव मारामाऱ्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे शरीर होतं, ताकद होती, पण तिला आखाडा उरला नव्हता. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. खेळाडू माणूस गावकारभारात आला याला आम्ही योगायोग मानत नाही, पण सिद्धही करू शकत नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे : नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. 1994 पासून आदर्श गाव योजना. डोंगरउतारावर समतल चर, रोपं, बांध. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा.

या गावची मुलं त्या टेकडीवर चढतात, ती चर आणि झाडं बघायला. त्यांच्या आजोबांच्या पिढीने तिथं टिकाव घेऊन चढाई केली. स्पीडच्या भिंतीवरचा विक्रम पाच सेकंदांच्या आतला आहे. या टेकडीला हिरवं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागली. आणि इथेही कुणी तरी खाली दोर धरून उभं होतं : ज्याने आपली जनावरं उतारावर सोडली नाहीत तो, ज्या बाईने जळणासाठी जवळची फांदी तोडायचं सोडून लांबची वाट धरली ती. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत.

आता व्यवहाराचं बोलू, कारण इथे काही मुख्याध्यापक बसले आहेत आणि त्यांनी आधीच चिठ्ठी पाठवली आहे : आमच्या माध्यमिक शाळेत क्लायंबिंग वॉल उभारावी का? आमचं मत विचारलंत म्हणून सांगतो. भिंत उभारायला देणगीदार मिळतो, फीत कापायला पाहुणा मिळतो. मिळत नाही तो पुढच्या वर्षीचा माणूस. दोर म्हातारा होतो, हार्नेसची शिवण उसवते, होल्डचे स्क्रू सैल होतात. हे दर आठवड्याला तपासून वहीत लिहिणारा प्रशिक्षित शिक्षक नसेल तर भिंतीला कुलूप लावा, मुलं पाठवू नका. यात सवलत नाही. असा शिक्षक असेल आणि तो बदलून गेल्यावर त्याच्या जागी दुसरा देण्याची हमी असेल, तर जरूर उभारा. उंच नको. बोल्डरिंगची बुटकी भिंत, खाली जाड गाद्या, इथून सुरुवात करा.

तेवढंही जमणार नसेल तर खांब आहे. एक सागाचा खांब, खाली मऊ माती किंवा गादी, बाटलीभर एरंडेल आणि शिकवणारा उस्ताद. 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशातून पोरं हा खांब चढायला आली होती. पुढे तो खेलो इंडियातही आला. आपल्या किती माध्यमिक शाळांच्या आवारात तो आज उभा आहे, हे मुख्याध्यापकांनी आपापल्या तालुक्यात फिरून मोजावं. आणि कृपा करून पीटीचा तास गणिताला देऊ नका. गणिताच्या सरांना मैदानावर बोलवा, उताराचा कोन काढायला टेकडी समोरच आहे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींनी आधी विचारावं, त्या मघापासून हात वर करून बसल्या आहेत.